हिंगारीचा वेध : अक्कलकोट परिसरातील शरदाच्या पावसाचा आणि त्याच्या अंदाजाचा इतिहास

सोलापूर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, भीमेच्या उत्तरेस आणि बोरी नदीच्या खोऱ्यात वसलेला अक्कलकोट तालुका पावसाच्या बाबतीत दोन दूरच्या प्रदेशांच्या अधीन आहे. पश्चिमेला अडीचशे किलोमीटरहून अधिक अंतरावर उभा असलेला सह्याद्री अरबी समुद्रावरून येणारे बाष्प आपल्या माथ्यावरच रिते करून घेतो, आणि त्याच्या पलीकडे उरते ती पर्जन्यछाया, म्हणजे डोंगराच्या आडोशामुळे पावसाला मुकलेली पट्टी. पूर्वेला सहाशे किलोमीटरच्या आसपास बंगालच्या उपसागराचा किनारा आहे, आणि भाद्रपद-आश्विनात त्या समुद्रावर तयार होणारे कमी दाबाचे पट्टे जमिनीवरून पश्चिमेकडे सरकत येतात, तेव्हा डोंगराने अडवलेले पाणी जणू दुसऱ्या दाराने या मुलखात पोचते. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्याचा जोर जुलैत असतो. सोलापूरच्या पट्ट्यात सरासरी सातशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला सर्वात भरवशाचा महिना सप्टेंबर असतो. एकाच मोसमी वाऱ्याच्या छत्राखाली असलेल्या या दोन ठिकाणांची वर्षे अशा रीतीने दोन वेगवेगळ्या महिन्यांत ठरतात, आणि अक्कलकोटच्या शेतीचा, दुष्काळांचा व लोकाचारांचा इतिहास या एका फरकाभोवती फिरतो.

मराठी बोलण्यात आणि वृत्तपत्रांत शरदातल्या या पावसाला ‘परतीचा पाऊस’ म्हणतात. हे नाव कोकणाच्या आणि घाटमाथ्याच्या नजरेतून आलेले दिसते, कारण ज्या प्रदेशाची भातलावणी आषाढात आटोपते आणि ज्याला आश्विनात पिकल्या भातावर पाणी नको असते, त्याच्या दृष्टीने पावसाने तेव्हा खरोखरच परतलेले बरे. अक्कलकोटला मात्र हा पाऊस परतत नाही, तो तेव्हा येतो. तालुक्याची सीमा कर्नाटकातील विजयपूर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांना भिडलेली असल्याने इथल्या गावांत मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा पिढ्यान्‌पिढ्या नांदत आल्या आहेत, आणि कन्नडने या ऋतुभेदाची नोंद अधिक नेमकेपणाने केली आहे. कन्नडात पावसाळ्याच्या पूर्वार्धाला ‘मुंगारू’ आणि उत्तरार्धाला ‘हिंगारू’ म्हणतात. ‘मुन्’ म्हणजे पुढचा, ‘हिन्’ म्हणजे मागचा आणि ‘कार’ म्हणजे पावसाचा काळ. त्यावरूनच खरिपाच्या पिकांना मुंगारी आणि रब्बीच्या पिकांना हिंगारी ही नावे रूढ झाली. या जोडीत दुसरा पाऊस पहिल्याची शेपटी नाही, तो त्याचा धाकटा भाऊ आहे, आणि ज्वारीच्या मुलखात घराचा भार त्या धाकट्यावरच अधिक पडतो.

त्याचे कारण जमिनीत आहे. या भागातील खोल काळी माती पाणी धरून ठेवते, भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. जून-जुलैच्या तुटक सरींनी ती वरवर भिजते, पण तिच्या पोटात ओल उतरते ती उत्तरा आणि हस्त नक्षत्रांच्या पावसाने. पाऊस उघडल्यावर चिखल सुकून माती तिफणीच्या फणांना चिकटेनाशी होते आणि तरीही बी रुजण्याइतकी ओल तिच्यात शिल्लक राहते, त्या अवस्थेला शेतकरी ‘वापसा’ म्हणतात. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत वापसा साधून शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, पेरणी होते आणि त्यानंतर चार महिने ते पीक बहुतांशी त्या साठलेल्या ओलीवरच उभे राहते. म्हणून इथल्या कोरडवाहू शेतकऱ्याला अंदाज हवा असतो तो केवळ पाऊस पडेल की नाही एवढ्याचा नव्हे. शेवटचा मोठा पाऊस कधी होईल, हा त्याचा खरा प्रश्न असतो, कारण आधी पेरले तर बी दडपण्याची भीती आणि थांबले तर ओल उडून जाण्याची.

पावसाचे प्रदेशवार मोजमाप करण्याची जाण भारतात फार जुनी आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात शेतीच्या अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगताना निरनिराळ्या प्रदेशांतील पावसाचे प्रमाण द्रोण या मापात दिले आहे, आणि त्यात जांगल म्हणजे कोरड्या प्रदेशांना सोळा द्रोण, दक्षिणेतील अश्मकाला त्याहूनही कमी असे आकडे येतात. अपरान्त म्हणजे कोकणची किनारपट्टी आणि हिमालयाकडचा मुलूख यांच्या पावसाला मात्र तिथे मापच दिलेले नाही, तो अमित मानला आहे. समुद्रकाठ आणि डोंगर यांना एका बाजूला व पठाराला दुसऱ्या बाजूला ठेवणारी ही विभागणी आजच्या नकाशावरही टिकणारी आहे. त्याच ग्रंथात चांगल्या पावसाचे लक्षण असे सांगितले आहे की पावसाळ्याच्या पहिल्या आणि शेवटच्या महिन्यात मिळून एक तृतीयांश आणि मधल्या दोन महिन्यांत दोन तृतीयांश पाऊस व्हावा. भीमेच्या खोऱ्यातला पाऊस या आदर्शात बसत नाही, आणि हे वेगळेपण नीट लक्षात न घेता इथल्या शेतीविषयी काढलेली अनुमाने पुढेही अनेकदा चुकली.

सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत अंदाजाची पद्धत अधिक गुंतागुंतीची आहे. ढग आकाशात ‘गर्भ’ म्हणून धारण होतात आणि १९५ दिवसांनी, म्हणजे सुमारे साडेसहा महिन्यांनी, पाऊस म्हणून प्रसवतात, अशी ती कल्पना आहे. तिच्यानुसार चैत्राच्या शुक्ल पक्षातील गर्भ आश्विनाच्या कृष्ण पक्षात आणि चैत्राच्या कृष्ण पक्षातील गर्भ कार्तिकाच्या शुक्ल पक्षात बरसतात. शरदातल्या पावसाचा वेध घ्यायचा तर वसंतातले आकाश न्याहाळावे, असा याचा अर्थ होतो. आजचे विज्ञान हा कार्यकारणभाव मान्य करणार नाही, तरी एका ऋतूची खूण दुसऱ्या ऋतूच्या आधी सहा महिने शोधण्याची ही धडपड आधुनिक दीर्घकालीन अंदाजाच्या धडपडीपेक्षा स्वभावाने वेगळी नाही.

शेतकऱ्यांच्या रोजच्या वापरात मात्र राहिली ती सूर्यनक्षत्रांची गणना. सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो. जूनच्या पहिल्या आठवड्याअखेरीस मृगापासून ही मोजणी सुरू होते आणि पूर्वा, उत्तरा, हस्त, चित्रा, स्वाती अशी ऑक्टोबरअखेरपर्यंत, किंबहुना त्यापुढेही जाते. उत्तरा साधारण १३ सप्टेंबरला, हस्त २७ सप्टेंबरला, चित्रा १० ऑक्टोबरच्या सुमारास आणि स्वाती २४ ऑक्टोबरच्या आगेमागे लागते. यांपैकी हस्ताला ग्रामीण बोलीत ‘हत्ती’ म्हणतात, आणि पश्चिम महाराष्ट्रात मुलींचा हादगा किंवा भोंडला याच नक्षत्राच्या प्रारंभी हत्तीचे चित्र मांडून सुरू होतो. धान्याच्या भरभराटीशी जोडलेला हा खेळ मुळात हस्ताच्या पावसाचा सण आहे. प्रत्येक नक्षत्राला एक वाहनही दिलेले असते. सूर्य नक्षत्रात प्रवेश करतो त्या वेळी सूर्याचे आणि चंद्राचे नक्षत्र यांतील अंतर मोजून त्याला नवाने भागतात आणि बाकीवरून घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव किंवा हत्ती हे वाहन ठरवतात. बेडूक, म्हैस आणि हत्ती भरपूर पावसाचे मानले जातात, कोल्हा आणि मेंढा ओढीचे, तर वाहन घोडा असेल तर पाऊस डोंगरावर पडतो असा समज आहे. डोंगरावर पडणारा पाऊस पठाराच्या वाट्याला येत नाही, ही पर्जन्यछायेची जाणीव त्या एका घोड्याच्या खुणेत सामावलेली आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लक्ष्मणशास्त्री ऊर्फ नानाशास्त्री दाते यांनी सोलापुरात पंचांग सुरू केले आणि ते पुढे महाराष्ट्रभर पसरले. पर्जन्यनक्षत्रांची ही माहिती घरोघर पोचवण्यात अशा छापील पंचांगांचा मोठा वाटा आहे.

या गणनेविषयी एक गोष्ट क्वचितच बोलली जाते. पृथ्वीचा अक्ष अतिशय सावकाश डोलत असल्याने निरयन नक्षत्रांच्या तारखा ऋतूंच्या तुलनेत सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकतात. अठराव्या शतकाच्या आरंभी, छत्रपती शाहूंनी मानसपुत्र मानलेल्या फत्तेसिंह भोसल्यांकडे अक्कलकोट आले, त्या काळी हस्त आजच्यापेक्षा चारेक दिवस लवकर लागत असे, आणि वराहमिहिराच्या काळी तर तीन आठवडे लवकर. म्हणजे नक्षत्र आणि पाऊस यांची सांगड कायमची नाही, शेतकऱ्यांनी ती अनुभवाने पुन्हा पुन्हा जुळवून घेतलेली असली पाहिजे. या परंपरेला निव्वळ अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणारे तिच्यातला हा निरीक्षणाचा भाग विसरतात, आणि तिला ऋषींचे अचूक शास्त्र म्हणणारेही तोच भाग विसरतात.

पंचांगाखेरीज अंदाजाचे काही विधी सामुदायिक आहेत. ज्येष्ठ पौर्णिमेला येणारी कारहुणवी हा सीमाभागातला बैलांचा सण. त्या दिवशी सजवलेले बैल वेशीकडे पळवून वेशीवर बांधलेली ‘कर’ तोडतात आणि कोणत्या रंगाच्या बैलाने ती आधी तोडली यावरून वर्ष कोणत्या पिकाला लाभेल ते सांगतात. पांढरा बैल पुढे आला तर पांढरी ज्वारी, म्हणजे हिंगारी, साधणार, आणि तांबडा आला तर खरीप, असा संकेत आहे. पावसाळ्याच्या तोंडावरच शरदाविषयी कौल मागणारा हा सण आहे. सोलापुरात बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांच्या मकर संक्रांतीच्या यात्रेत, नंदीध्वजांची मिरवणूक आणि होमविधी झाल्यावर, भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे निरनिराळी धान्ये व इतर वस्तू ठेवतात, ते कशाला तोंड लावते, बुजते की शांत राहते, मूत्र विसर्जित करते की नाही, यावरून पाऊस आणि भाव यांचे भाकीत सांगितले जाते. अक्कलकोटच्या गावांतही यात्रेला जाऊन आलेली माणसे ही भाकणूक घरी आणतात. नवरात्रातील घटस्थापनेला मात्र व्यवहाराची बाजू अधिक आहे. शेतातली माती परडीत पसरून तिच्यात धान्य पेरतात आणि नऊ दिवसांनी कोणते धान्य कसे उगवले ते पाहतात. हे सारे ऐन पेरणीच्या दिवसांत घडते, त्यामुळे घट ही देवीची पूजा असतानाच बियाण्याच्या उगवणशक्तीची घरगुती परीक्षाही ठरते.

या साऱ्या आधारांचा निरुपाय झाला तो १८७६ साली. त्या वर्षी सोलापूर आणि त्याच्या शेजारच्या मुलखात सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस जवळजवळ आलाच नाही, रब्बीची पेरणी होऊ शकली नाही आणि दख्खनचा महादुष्काळ सुरू झाला. तो १८७८ पर्यंत चालला. अक्कलकोट तेव्हा इंग्रजांच्या मांडलिकत्वाखालील भोसले घराण्याचे संस्थान होते. १८५६ च्या सुमारास अक्कलकोटला आलेल्या श्री स्वामी समर्थांच्या वास्तव्याची अखेरची वर्षे याच काळात येतात. १८७८ मध्ये त्यांनी समाधी घेतली. मद्रासकडे जाणारा लोहमार्ग काही वर्षांपूर्वीच सोलापुरावरून पुढे गेला होता, त्यामुळे बाहेरचे धान्य इथवर येऊ शकले. ते विकत घेण्याची ऐपत मात्र पेरणी न झालेल्या घरांत नव्हती. हिंगारी बुडाली की ज्वारीबरोबर कडबाही जातो, आणि कडब्याबरोबर जनावरे, म्हणजे पुढच्या वर्षीची नांगरटही. या मुलखातला दुष्काळ एका ऋतूवर थांबत नाही, त्याचे कारण हे आहे.

भारतीय हवामान विभागाची स्थापना दुष्काळाच्या आदल्याच वर्षी, १८७५ मध्ये, झाली होती. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांच्याकडे महादुष्काळानंतर सरकारने हंगामाचा आगाऊ अंदाज मागितला, आणि हिमालयावरील बर्फ जास्त असेल तर पाऊस कमी पडतो, या तर्काच्या आधारे १८८६ पासून ते अंदाज नियमित प्रसिद्ध होऊ लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी प्रमुख झालेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या वायुदाबाच्या नोंदी तपासून पॅसिफिक आणि हिंदी महासागर यांच्यातील दाबाचा झोका, ज्याला दक्षिणी आंदोलन म्हणतात, तो शोधून काढला. हे काम जागतिक महत्त्वाचे ठरले. पण या सगळ्या अंदाजांचा हंगाम ठरला तो १ जून ते ३० सप्टेंबर असा. हस्त २७ सप्टेंबरला लागतो. म्हणजे सरकारी मोसम हस्ताच्या चौथ्या दिवशी संपतो, आणि हत्तीचा उरलेला पाऊस, सगळी चित्रा, सगळी स्वाती ही ‘मोसमोत्तर’ या रकान्यात जाते. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळाचा हंगामी अंदाज हवामान विभाग देतो तो मुख्यतः दक्षिण द्वीपकल्पातील पाच उपविभागांसाठी, आणि त्यात सोलापूर बसत नाही. शिवाय सोलापूर ज्या ‘मध्य महाराष्ट्र’ उपविभागात मोडते, त्यात नाशिक, पुणे, सातारा आणि कोल्हापूर हे जिल्हे, म्हणजे महाबळेश्वरासारखे घाटमाथेही, येतात. डोंगराच्या आणि डोंगराआडच्या पावसाची अशी सरासरी काढली तर ती दोघांपैकी कोणाचीच उरत नाही. जुलैच्या अखेरीस हंगामाच्या उत्तरार्धाचा वेगळा अंदाज देण्याची पद्धत या दृष्टीने अधिक उपयोगी आहे, पण तोही सप्टेंबरअखेरीस थांबतो.

शरदातल्या ओलीकडे विज्ञानाचे लक्ष वेधले गेले ते हवामानशास्त्राच्या आधी कृषिशास्त्रातून. १९३३ मध्ये सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सुरू झाले आणि तिथे बांधबंदिस्ती, म्हणजे उतारावर समपातळीत बांध घालून पाणी मुरवणे, तसेच खोल नांगरट, पेरणीतले अंतर आणि आंतरमशागत यांचे प्रयोग झाले. या संशोधनाशी जोडलेले ना. वि. कानिटकर यांचा भारतातील कोरडवाहू शेतीवरील ग्रंथ १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. या प्रयोगांची दिशा मोठी समंजस होती. पाऊस कधी येईल हे सांगता येत नसेल तर आलेला पाऊस जमिनीत किती टिकतो हे तरी हाती घ्यावे, असा त्यांचा रोख होता. मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवडलेला ‘मालदांडी ३५-१’ हा वाण याच विचाराचे फळ आहे. उतरत्या ओलीवर तग धरणारा, मोत्यासारख्या दाण्याचा आणि गोड कडब्याचा हा वाण आजही सोलापूरच्या शाळूची ओळख आहे. पुण्यात १९३२ मध्ये एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली हवामान विभागाची कृषिहवामान शाखा उभी राहिली आणि १९४५ पासून आकाशवाणीवरून शेतकऱ्यांसाठी हवामानवार्ता प्रसारित होऊ लागली, तेव्हा पंचांगाच्या शेजारी रेडिओ येऊन बसला.

त्यानंतरच्या काळात या शेतीचा चेहराही बदलत गेला. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. १९८० च्या सुमारास भीमेवरील उजनी धरण पूर्ण झाले आणि बोरीवर कुरनूर प्रकल्प झाला. सह्याद्रीवरचा पाऊस पूर्वी भीमेच्या पुरातून, म्हणजे स्वतःच्या शेतावर थेंब नसतानाही चढणाऱ्या नदीतून, अक्कलकोटच्या काठाला कळत असे. आता तो धरणाच्या टक्केवारीतून कळतो. पाणी पोचले तिथे ऊस आला, खरिपात तूर आणि उडीद वाढले, आणि हिंगारीचे क्षेत्र आक्रसले. ज्याची तूर फुलोऱ्यात किंवा उडीद काढणीला आलेला असतो, त्याला हस्ताचा मोठा पाऊस नको असतो. बांधापलीकडच्या शाळूवाल्याला तो हवा असतो. एकाच गावात एकाच पावसाविषयी दोन प्रार्थना असण्याची वेळ पूर्वी इतक्या ठळकपणे आलेली नव्हती.

२०२० मध्ये हवामान विभागाने मोसमी पावसाच्या माघारीच्या सर्वसाधारण तारखा बदलल्या आणि वायव्य राजस्थानातून माघार सुरू होण्याचा दिवस १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर नेला. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला, म्हणजे चित्रा नक्षत्रात, बंगालच्या उपसागरातील कमी दाबाची तीव्र प्रणाली काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर आली, तेलंगण ओलांडून १४ तारखेला सोलापूरच्या मुलखावर पोचली आणि पुढे अरबी समुद्राकडे गेली. वाटेत हैदराबादेत महापूर आला. अक्कलकोट तालुक्यात बोरी आणि भीमा या दोन्ही नद्यांचे पाणी काठच्या गावांत आणि शेतांत शिरले, उभी व काढलेली खरीप पिके गेली आणि अनेक ठिकाणी मातीच वाहून गेल्याने रब्बीची पेरणीही लांबली. या प्रणालीचा मार्ग हवामान विभागाने आधी वर्तवला होता. उपग्रहाच्या युगातला हा अंदाज दोन-चार दिवसांचा असतो, आणि पूर्वेच्या किनाऱ्यावरून निघालेला पाऊस अक्कलकोटला एखाद्या दिवसातही पोचू शकतो. या तालुक्यासाठी पूर्वेचा किनारा पाहणे हे पश्चिमेचा डोंगर पाहण्याइतकेच निकडीचे आहे, याचे इतके स्पष्ट उदाहरण अलीकडच्या काळात दुसरे नाही.

शरदाचा हा हिशेब शेवटी मिटतो तो मार्गशीर्षाच्या अमावास्येला, वेळ अमावास्येच्या दिवशी. त्या दिवशी अक्कलकोट, लातूर आणि धाराशिवच्या शेतांत कडब्याची खोप करून तिच्यात पाच पांडव म्हणून दगड मांडतात, भज्जी आणि आंबील यांचा नैवेद्य दाखवतात आणि आंबील पिकावर शिंपडत शेताला फेरी घालतात. तोपर्यंत शाळू निसवण्याच्या बेतात आलेला असतो, आणि फेरी घालताना जाणती माणसे ताटाची जाडी, पानांची टवटवी आणि भेगांतून दिसणारी ओल पाहून हुरडा कधी मोडता येईल व दाणा किती भरेल ते सांगतात.